नवी बॅटरी टाकूनही डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही : मदत हवी आहे

पहाटवारा (धागाकर्ता)
गेले बारा दिवस माझी डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही. बॅटरीवर संशय घेऊन मी नवी बॅटरी टाकली, तरी तसूभर फरक पडलेला नाही. दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल जोडून पाहिली, तिचाही उपयोग झाला नाही. मल्टीमीटरवर १२.६ व्होल्ट दिसतात, म्हणजे बॅटरी उत्तम आहे. दुपारी गाडी कुरकुरत का होईना, पण सुरू होते. मला रोज सकाळी सात वाजता निघावे लागते, त्यामुळे दोष नेमका कशात आहे ते कृपया लवकर सांगावे.

जुना_पाना
‘सुरू होत नाही’ म्हणजे काय होते, हे तुम्ही लिहिलेच नाही. किल्ली फिरवल्यावर एकदाच ‘टक्’ होते, सलग ‘टकटकटक’ असा आवाज येतो, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) अडखळत फिरतो, की सेल्फ जोमात फिरूनही इंजिन पेट घेत नाही? सलग टकटक होत असेल तर सोलेनॉइडला (सेल्फची वीज जोडणाऱ्या कळीला) व्होल्टेज पुरत नाही असे समजावे. एकच ठोका पडून पुढे शांतता असेल तर सेल्फचे आतले संपर्क किंवा कार्बन ब्रश पाहावेत. आणि सेल्फ जोमात फिरत असेल तर बॅटरीचा विषय तिथेच संपतो, डिझेलकडे वळावे लागते.

डिझेलवेडा
सकाळी अडते आणि दुपारी चालते, म्हणजे ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) गेले आहेत, आणखी काही शोधत बसू नये. माझ्या गाडीला अगदी हेच झाले होते. चारही ग्लो प्लग बदलले आणि पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली.

पहाटवारा
सेल्फ फिरतो, पण फार हळू. तीन-चार वेळा ‘घुर्र... घुर्र’ होते आणि तो थांबतो. हे मला उघड वाटले म्हणून लिहिले नव्हते.

जुना_पाना
उघड अजिबात नव्हते. डिझेलवेडा, इंजिन हळू फिरते आहे हे आता कळल्यावर ग्लो प्लगना पहिला मान देता येणार नाही. ग्लो प्लग ज्वलनकक्ष तापवतात, सेल्फला बळ देत नाहीत. डिझेल इंजिनात दाबाचे प्रमाण साधारण १६ ते २२ पट असते आणि त्या दाबाविरुद्ध इंजिन पुरेशा वेगाने फिरले तरच हवा डिझेल पेटण्याइतकी तापते. शिवाय कॉमन रेल गाडीत (जिथे सर्व इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते) रेलमधला दाब ठरावीक पातळीवर चढेपर्यंत संगणक इंजेक्टर उघडतच नाही, आणि तो दाब निर्माण करणारा पंपही त्याच संथ इंजिनावर फिरत असतो. म्हणून आधी वेग का कमी आहे ते शोधावे.

डिझेलवेडा
मी अनुभव सांगितला आहे, पुस्तक वाचून नाही. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होते आणि इंजिन जड फिरते, हेही विसरू नये.

रात्रपाळी
बॅटरी आणि अल्टरनेटर (चालू इंजिनावर वीज बनवून बॅटरी भरणारे यंत्र) यांत दोषी कोण, हे ओळखण्याची सोपी रीत सांगतो. गाडी सुरू असताना बॅटरीचे एक टर्मिनल काढावे. इंजिन बंद पडले तर अल्टरनेटर खराब, चालू राहिले तर बॅटरी खराब. आम्ही वर्षानुवर्षे असेच करत आलो आहोत.

तारायंत्र
धागाकर्त्यांनी हे कृपया करू नये. चालू गाडीतून बॅटरी वेगळी केली की अल्टरनेटरच्या व्होल्टेजला आवर घालणारे काही उरत नाही; ते क्षणभर इतके उसळू शकते की अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा संगणक, दोन्ही जायबंदी होतात. जुन्या, संगणक नसलेल्या गाड्यांत हा प्रकार खपून जात असे. त्याऐवजी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावावा, साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर काम करतो आहे असे धरता येते.

१२.६ व्होल्टबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करतो. ते बॅटरीचे निवांत बसलेले व्होल्टेज आहे. त्यावरून ती किती भरली आहे एवढेच कळते, १२.२ दिसले असते तर ती निम्मी उरली आहे असे म्हटले असते. सेल्फ ओढत असतानाचा आकडा हवा. कोणाला तरी किल्ली मारायला सांगून तो बॅटरीच्या खुंटांवर मोजावा, आणि त्या वेळी हेडलाइट मंदावतात का तेही पाहावे. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये मिनिटभर तरी विश्रांती द्यावी.

सावलीतला
गाडीत इंजिन आपोआप बंद-सुरू करणारी यंत्रणा असेल तर साधी बॅटरी चालत नाही, त्या यंत्रणेसाठीचीच बॅटरी घालावी लागते, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

पहाटवारा
तशी यंत्रणा माझ्या गाडीत नाही. आज सकाळी मोजले. सेल्फ मारताना बॅटरीवर १२.० व्होल्ट राहतात आणि हेडलाइट जवळजवळ तसेच प्रखर दिसतात. गाडी चालू असताना, दिवे लावून, १३.४ येतात. आता अल्टरनेटर बदलू का? हो की नाही एवढेच सांगावे.

तारायंत्र
नाही. तुमच्या पहिल्या आकड्यातच उत्तर दडले आहे. डिझेलचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, त्यामुळे धडधाकट बॅटरीचे व्होल्टेजही त्या क्षणी चांगले खाली यायला हवे, ते ९.६ च्या खाली गेले तर बॅटरीवर शंका घेतात. तुमचे १२.० वर टिकून आहे, दिवेही मंदावत नाहीत, म्हणजे सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोहोचतच नाही. वाटेत कुठेतरी अडथळा आहे. आता दोन प्रश्न आहेत. जंपर केबलचा काळा चिमटा तुम्ही कुठे लावला होता? आणि हा त्रास सुरू होण्याच्या आधी गाडीचे कोणते काम झाले होते?

पहाटवारा
काळा चिमटा अर्थातच बॅटरीच्या ऋण टोकाला. कामाचे म्हणाल तर तीन आठवड्यांपूर्वी क्लचप्लेट बदलली, पण तिचा बॅटरीशी काय संबंध?

जुना_पाना
हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते! क्लचप्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनाची अर्थिंगची पट्टी गिअरबॉक्सलाच बोल्टने आवळलेली असते. सेल्फचा करंट धन तारेने जातो आणि परत येतो तो इंजिनाच्या अंगातून या पट्टीवाटे. पट्टी सैल राहिली असेल, तर नवी बॅटरी घाला किंवा दुसऱ्या गाडीची जोडा, परतीची वाट तीच बिघडलेली राहणार. उद्या जंपर केबलचा काळा चिमटा इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला लावून पाहावा.

डिझेलवेडा
अर्थिंग खराब असती तर दुपारीही गाडी सुरू झाली नसती. मी माझ्या मतावर ठाम आहे.

तारायंत्र
दुपारी ऑइल पातळ असते आणि हवाही उबदार, त्यामुळे तितक्याच अशक्त सेल्फने निभावून जाते. धागाकर्त्यांनीच ‘कुरकुरत’ असा शब्द वापरला आहे. शिवाय ग्लो प्लगना त्यांचा परतीचा करंट इंजिनातूनच मिळतो, म्हणजे पट्टी बिघडली की चांगले ग्लो प्लगही अर्धवट तापतात. १३.४ चा उलगडाही तिथेच होतो, कारण अल्टरनेटर इंजिनावर बसवलेला असतो आणि त्याचा करंटही याच पट्टीवाटे जातो.

मल्टीमीटरने खात्री करून घ्यावी. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर, खुंटावरच, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. तसेच धन खुंट ते सेल्फचा मोठा बोल्ट, तिथे ०.५ च्या आत हवे. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवावी, मल्टीमीटरच्या तारा इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात (बेल्टमध्ये) अडकणार नाहीत हे पाहावे.

रात्रपाळी
एवढ्या मोजमापाची गरज नाही. दोन माणसांनी धक्का दिला की गाडी सुरू होते.

जुना_पाना
रोज सकाळी सात वाजता दोन माणसे कोठून आणायची, तेही सांगावे.

पहाटवारा
मोजून आलो. धन बाजूला ०.२ व्होल्ट. ऋण खुंट ते इंजिन ३.४ व्होल्ट! म्हणजे सेल्फला जेमतेम ८.४ मिळत होते. मग जंपर केबलच्या काळ्या तारेचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या कानाला (इंजिन उचलायच्या धातूच्या कडीला) लावले, दुसऱ्या गाडीची गरजच पडली नाही. किल्ली फिरवताच सेल्फ असा फिरला की मी दचकलो. सेल्फ मारल्यानंतर लगेच गिअरच्या केबलला हात लावला, तर तिचे आवरण कोमट लागले. हे कशामुळे?

तारायंत्र
पट्टीची वाट बंद झाल्यावर करंट मिळेल त्या धातूतून परत येतो आणि तेव्हा गिअरची केबलच अर्थिंगचे काम करते. असे अधिक दिवस चालू ठेवल्यास आवरण वितळून केबल जाम होते. पट्टी उघडावी, दोन्ही टोके पॉलिश कागदाने चकचकीत करावीत आणि बोल्ट नीट आवळावा. त्याआधी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून ठेवावे.

पहाटवारा
काम झाले. बोल्ट जागेवर होता, हाताने हलतही नव्हता, म्हणूनच कोणाला शंका आली नसावी. मात्र पट्टीचे कान आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये मातीचा आणि पांढऱ्या बुरशीसारख्या गंजाचा थर चेपून बसला होता; तो न खरवडताच पट्टी परत लावली गेली होती. आता सेल्फ मारताना ऋण बाजूला ०.१ व्होल्ट दिसतात, बॅटरीवर सेल्फच्या वेळी १०.४, आणि गाडी चालू असताना दिवे लावूनही १४.२. जुनी बॅटरी मात्र मी नवीच्या बदल्यात देऊन टाकली आहे आणि ती बहुधा चांगलीच होती.

एक सांगायचे राहिले. सकाळी पहिली दोन मिनिटे इंजिन थोडे थरथरते आणि मागून पांढरा धूर येतो. म्हणून डिझेलवेडा यांच्या समाधानासाठी ग्लो प्लगची तार काढून चारही प्लगचा रोध मोजला. तिघांचा एक ओहमच्या आसपास आला, दुसऱ्या सिलिंडरचा प्लग आतून पूर्ण तुटलेला निघाला.

डिझेलवेडा
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितले होते. चारही बदलावेत.

जुना_पाना
एकच बदलावा की चारही, यावर वाद घालायला मी तयार आहे, पण प्लग काढताना इंजिन कोमट असू द्यावे आणि आदल्या रात्री प्लगच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सिलिंडर हेडमध्ये प्लग मोडला, तर आत्तापर्यंतचा त्रास काहीच नव्हता असे वाटेल.