क्वेर्सेटिन, चेरी आणि युरिक अ‍ॅसिडच्या गोळ्या

इथे कुणीतरी क्वेर्सेटिनच्या कॅप्सूल आणि चेरीचा रस सुरू करून वडिलांची गाऊटवरची (युरिक अ‍ॅसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीवरची) गोळी अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करायची का, असं विचारलंय. कृपया बंद करू नका.

क्वेर्सेटिन कांद्यात असतं आणि शरीरात युरिक अ‍ॅसिड तयार करणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या एन्झाइमला आवर घालतं. अ‍ॅलोप्युरिनॉलही त्याच एन्झाइमवर काम करतं, म्हणून गल्लत होते. फरक ताकदीचा आहे. रोज 500 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन घेऊन युरिक अ‍ॅसिड साधारण अर्ध्या अंकाने (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) उतरल्याचं एका छोट्या चाचणीत दिसलं. तेवढं कांद्यातून मिळवायचं तर दिवसाला किलोभराहून जास्त कांदा खावा लागेल! व्हिटॅमिन सीचा परिणामही तेवढाच, आणि मुतखड्याचा त्रास असेल तर त्याच्या मोठ्या डोसपासून लांबच राहा. वडिलांचा आकडा 9 असेल तर 8.5 होऊन काय उपयोग? सांध्यात साठलेले युरिक अ‍ॅसिडचे खडे विरघळायला तो 6च्या खाली राहावा लागतो.

चेरी खायला हरकत नाही, पण बाटलीतल्या रसातली साखर बघा. फ्रुक्टोजने युरिक अ‍ॅसिड वाढतं. त्यापेक्षा साय काढलेल्या दुधाचं ताक रोज द्या. डाळी बंद करायची गरज नाही. सुकट, बोंबील, कलेजी आणि बिअर मात्र खरंच कमी करा.

आणि एक कळकळीने सांगते. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे गाऊटवरचं औषध असतं हे खरं, पण तो कंद जीवघेणा विषारी आहे. घरी उगाळून कुणालाही देऊ नका.