नोंदणीच्या लॅपटॉपवरचं घड्याळ बंद पडतंय (कामांच्या यादीमुळे?)

नमस्कार मंडळी,
शनिवारच्या गणपतीच्या कार्यक्रमाच्या आत हे सुटायला हवं. नोंदणीच्या लॅपटॉपवर (तोच, लिनक्सवाला) घड्याळावर क्लिक केलं की कॅलेंडर उघडायच्या आत खालची अख्खी पट्टी गायब होते, मग थोड्या वेळाने परत येते. टेबलासमोर रांग असताना हे चालणार नाही. महाप्रसादाच्या पाळ्या आणि हॉलच्या वेळा त्याच कॅलेंडरमध्ये आहेत. कोणी बघेल का?
– नोंदणी विभाग

* * *

डेलाइट सेव्हिंगचा गोंधळ असणार. गेल्या वर्षी कोजागिरीच्या कार्यक्रमाला ऐन त्याच रविवारी वेळ बदलली आणि निम्मी मंडळी तासभर उशिरा आली. दूध आटवून आटवून बासुंदी झाली होती. आधी लॅपटॉपवर मेलबर्नची वेळ आहे का ते बघा.
– स्वयंपाक समिती

* * *

काकू, वेळ बदलते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. आत्ता तिचा संबंध नाही.

हॉलवर जाऊन तपासलं. प्लाझ्मामध्ये (या लॅपटॉपवरचं डेस्कटॉप दाखवणारं सॉफ्टवेअर) पट्टी, डेस्कटॉप आणि घड्याळ एकाच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे घड्याळ बंद पडलं की पट्टीही जाते. कॅलेंडर उघडताना घड्याळ अकोनाडीकडून (कॅलेंडरच्या नोंदी पुरवणारी सेवा) कार्यक्रमांबरोबर कामंही मागवतं. फक्त कामांची यादी बंद केली तर सगळं नीट चालतं, चालू केली की पडतं. एकेक काम वगळून पाहिलं, तेव्हा 'वर्गणीची आठवण' सापडलं. ते दर महिन्याला पुन्हा येतं, पण त्याला सुरुवातीची तारीखच नाही. आयकॅलेंडर म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी लिहिण्याची ठरलेली पद्धत; तिच्या नियमात (आरएफसी ५५४५ हा इंटरनेट मानकाचा दस्तऐवज, २००९) पुन्हा येणाऱ्या नोंदीला सुरुवात द्यावीच लागते. एकदाच करायच्या कामाला ती नसली तरी चालतं, म्हणून बाकीची कामं निमूट आहेत. अशा नोंदीने प्रोग्रॅम कोसळावा हे मला पटत नाही, त्याने ती सोडून पुढे जायला हवं. तसं प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना कळवतो.

शनिवारपुरतं: घड्याळावर राइट क्लिक, सेटिंग, 'कॅलेंडर', तिथली 'पीआयएम इव्हेंट्स'ची (अकोनाडीतल्या नोंदी दाखवण्याची) खूण काढून टाका. पाळ्या ब्राउझरमधून बघा. आणि ते काम यादीतून काढावं म्हणतो.
– वेबसाइट विभाग

* * *

वर्गणीच्या यादीतलं काहीही कोणी काढू नये. ती खजिनदाराच्या ताब्यात असते, मागच्या समितीत असंच कोणीतरी 'साफसफाई' केली आणि थकबाकीदार शोधताना आमची दिवाळी गेली. माझ्या फोनवर यादी व्यवस्थित दिसते. लॅपटॉप बदला.
– खजिनदार

* * *

सेटिंगमध्ये शिरतच आहात तर तिथे भारतीय कॅलेंडरचा पर्याय आहे, तो लावा. टेबलावर तिथी दिसलेली बरी.
– शाळा विभाग

* * *

ते कृपया लावू नका. ते राष्ट्रीय सौर कॅलेंडर आहे, २२ मार्च १९५७ पासूनचं. त्यातला भाद्रपद २३ ऑगस्टला सुरू होतो. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे तिथे दिसणार २३ भाद्रपद! लोक दारातच विचारत बसतील. छापील पंचांग माझ्याकडे आहे, ते टेबलावर ठेवतो.
– पूजा समिती

* * *

खजिनदारसाहेब, काढत नाही. त्याच कामाला सुरुवातीची तारीख तुम्हीच फोनवरून घाला, मुदतीच्या आधीची. यादी जशीच्या तशी राहील. लॅपटॉप बदलूनही उपयोग नाही, तीच नोंद नव्यावरही येणार.
– वेबसाइट विभाग

* * *

घातली. बाकी कशाला हात लावलेला नाही, लावूही नये.
– खजिनदार

* * *

आत्ता हॉलवर आहे. घड्याळ उघडतंय, पट्टी जागेवर आहे. तरी शनिवारी ती खूण काढलेलीच ठेवेन.

काकू, महाप्रसादाच्या दुसऱ्या पाळीत वाढायला अजून कोणाचंच नाव नाही.
– नोंदणी विभाग