माजी राज्यपाल कोश्यारी परत येणार म्हणे! राज्यपाल राजकारणात परततात का?

घाटावरची
काल इथे एका महाशयांनी लिहिलंय : 'भगतसिंह कोश्यारींना महाराष्ट्रात नाहक बदनाम केलं. २०२७ च्या उत्तराखंड निवडणुकीत भगतदा पुन्हा मैदानात दिसतील, तेव्हा इथल्या पुरोगाम्यांची तोंडं बघायची आहेत.' खाली चाळीसेक टाळ्या. तिथे उत्तर द्यायला गेले तर ते पानभर व्हायला लागलं, म्हणून वेगळा धागा.

नाहक? २३ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्र दात घासत असताना फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी उरकला, तो नाहक? विधान परिषदेची राज्यपालनियुक्त बारा नावं नोव्हेंबर २०२० पासून दाबून ठेवली, होय नाही की नाही नाही. शेवटी सरकार बदललं आणि यादीच मागे घेतली गेली. सावित्रीबाईंच्या लग्नाच्या वयावर हसत हसत बोलले. अंधेरीत जाऊन सांगितलं की गुजराती-राजस्थानी गेले तर मुंबईत पैसाच उरणार नाही. शिवाजी महाराज 'जुन्या काळातले आदर्श' हे तर कळसच. आणि ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की ठाकरे सरकारची बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय कायद्याला धरून नव्हता. ही बदनामी नव्हे, ही कमाई आहे.

पण मला मुद्दा वेगळाच मांडायचाय आणि तो आपल्याच लोकांना कडू लागेल. या सगळ्याचा त्यांच्या परतण्याशी काडीचा संबंध नाही. त्यांच्या बागेश्वरच्या, म्हणजे उत्तराखंडातल्या, मतदाराला आपल्या बारा आमदारांचं काय पडलंय? ते परत येणार नाहीत, कारण १९४२ चा जन्म. कारण पुष्करसिंह धामी, जे त्यांच्या उत्तराखंडच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात त्यांचे ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) होते, ते २०२१ पासून त्याच खुर्चीत आहेत. चेला गादीवर असताना गुरू मैदानात कशाला उतरेल? आणि २००७ मध्ये, हे प्रदेशाध्यक्ष असताना भाजप जिंकली, तेव्हाही खुर्ची खंडुरींनाच मिळाली. ऐन भरात नाही मिळालं ते चौऱ्याऐंशीत मिळणार?

राज्यपाल परततात, नाही असं नाही. एस. एम. कृष्णा २००८ ला आपलं राजभवन सोडून गेले, २००९ ला परराष्ट्रमंत्री. (आणि मग संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालच्या मंत्र्याचं भाषण वाचून दाखवलं, असो.) सुशीलकुमार शिंदे आंध्रचं राज्यपालपद सोडून हैदराबादहून थेट दिल्लीत ऊर्जामंत्री. पण दोघांनाही श्रेष्ठींनी उचलून आणलं. जे थेट लोकांत उतरले त्यांचं बघा : कुम्मनम राजशेखरन मिझोरामचं राजभवन सोडून तिरुवनंतपुरमला पडले, तमिळिसाई तेलंगणा सोडून दक्षिण चेन्नईत पडल्या, शीला दीक्षित केरळहून परतल्या आणि २०१९ ला ईशान्य दिल्लीत पडल्या.

कुमाऊंचा जावई
ताई, बेबीराणी मौर्य विसरलात. २०२१ ला उत्तराखंडचं राज्यपालपद सोडलं, २०२२ ला आग्रा ग्रामीणमधून आमदार, योगींच्या मंत्रिमंडळात कॅबिनेट मंत्री. सोयीची उदाहरणं तेवढी घ्यायची!

बाकी माझी सासुरवाडी हल्द्वानीची, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो. तिथे त्यांना कोणी कोश्यारी म्हणत नाही, भगतदाच. पिथौरागढला मास्तरकी केलेला, साप्ताहिक चालवलेला, आणीबाणीत अल्मोडा आणि फतेहगढच्या तुरुंगात बसलेला माणूस. माझे सासरे पक्के काँग्रेसवाले, तेही त्यांच्याबद्दल वाकडं बोलत नाहीत. मी एकदा जेवताना आपली इकडची सगळी यादी वाचून दाखवली, तर सासरे म्हणाले, 'जमाईजी, दाल लीजिए.' विषय संपला. निवडणूक लढवणार नाहीत हे मलाही मान्य. पण तिकीट कोणाला द्यायचं हे ठरवताना कुमाऊंमध्ये, म्हणजे उत्तराखंडच्या त्या भागात, त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि पुनरागमन म्हणजे स्वतःच उभं राहणं असं कोणी सांगितलं?

घाटावरची
मौर्यबाई मान्य. एक. आणि त्यांनी खुर्ची सोडल्यावर सहा महिन्यांत निवडणूक लढवली, वर्षानुवर्षं पुस्तकं वाचत बसल्या नाहीत. कोश्यारींनी २०२३ च्या जानेवारीत स्वतःच कळवलं होतं की उरलेलं आयुष्य वाचन, लेखन, मननात घालवायचंय. करू द्या की मनन!

सोलापुरी चादर
सुशीलकुमारांना 'श्रेष्ठींनी उचलून आणलं' हे वाचून हसावं की रडावं? २००४ ला मुख्यमंत्री म्हणून निवडणूक जिंकून कोणी दिली? जिंकल्यावर खुर्ची विलासरावांना आणि आमच्या माणसाची रवानगी हैदराबादला. ते राज्यपालपद बक्षीस नव्हतं, हद्दपारी होती. २००६ ला परत आणलं ते उपकार म्हणून नाही, आणि २००९ ला सोलापुरातून लोकांनीच निवडून दिलं. तेव्हा 'थेट लोकांत उतरले ते पडले' हे वाक्य मागे घ्या.

वकील रावसाहेब
आणि २०१४? २०१९? दोन्हीदा त्याच सोलापूरने पाडलं. एकदा बनसोडे, एकदा महास्वामी. हे ऊर्जामंत्री, २०१२ ला विजेचं ग्रिड कोसळून अर्धा देश अंधारात असताना, त्याच दिवशी गृहमंत्रिपदी बढती, हे जगात फक्त आपल्याकडे.

सोलापुरी चादर
२०१९ ला बाळासाहेब आंबेडकरांनी लाख-सत्तर हजार मतं घेतली नसती तर बघितलं असतं. आणि २०२४ ला त्यांच्या कन्या प्रणितीताई निवडून आल्याच ना? आमच्या मतदाराला कळतं कोण कामाचा.

विरार फास्ट
मतदाराला कामाचं कळतं?? हे वाचून मला राहवलं नाही. राम नाईक. १९८९ पासून ओळीने पाच वेळा उत्तर मुंबई. पेट्रोलियम मंत्री असताना गॅसची वेटिंग लिस्ट संपवली. आमच्या आईने नंबर लावला तेव्हा मी पहिलीत होतो, सिलिंडर घरात आला तेव्हा कॉलेजात. तोवर रॉकेलचा स्टोव्ह. पिन मारताना भडका उडाला की आई पदर सावरत मागे सरायची आणि आम्ही पोरं दारात उभी. सिलिंडर आला त्या दिवशी तिने हळद-कुंकू लावून शेगडीची पूजा केली. आणि २००४ ला त्या माणसाला कोणी पाडलं? गोविंदाने! चाळीतल्या बायका, ज्यांच्या घरी तोच गॅस, त्या गोविंदाच्या ट्रकमागे धावत होत्या. सांगा मला मतदाराला काय कळतं ते.

सोलापुरी चादर
गॅस काय नाईकांनी स्वतःच्या खिशातून दिला? मंत्री कोणीही असता तरी मिळाला असता. आणि मुंबईकर नटाच्या मागे धावतात याचा दोष बाकी महाराष्ट्राच्या माथी नको.

विरार फास्ट
'कोणीही असता तरी'? मग त्याआधी होते ते काय झोपले होते? सातच्या विरार लोकलला एकदा दारात लटकून या, मग शिकवा. चर्चगेटला बसून येणाऱ्यांना कळणार नाही की आमच्यासाठी रेल्वेत भांडणारा खासदार काय चीज असतो ते.

वकील रावसाहेब
चादरवाले सोलापूरचे आहेत हो, चर्चगेट कुठून आलं?

विरार फास्ट
तुम्ही कोर्टातच बोला. इथे फी मिळत नाही.

घाटावरची
अहो, धागा राज्यपालांचा आहे! पण नाईकांचा विषय निघालाच आहे तर घ्या, माझाच मुद्दा सिद्ध होतो. उत्तर प्रदेशात पाच वर्षं राज्यपाल, २०१९ ला मुंबईत परतले, पक्षाचं सदस्यत्व पुन्हा घेतलं. पंचाऐंशीव्या वर्षी. कल्याणसिंहांनीही राजस्थानहून येऊन तेच केलं. पण सदस्य झाले, उमेदवार नाही. पक्ष हार घालतो, तिकीट देत नाही. कोश्यारींचंही फार तर तेवढंच.

अपशिंगेकर
मी इथे सहसा फक्त वाचतो. आज लिहितो कारण कोश्यारींना शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो, महाराजांवर बोलले तेव्हा तर जास्तच. आमच्या गावात घराघरात फौजी. अण्णा सुभेदार म्हणून निवृत्त. वन रँक वन पेन्शनसाठी (एका हुद्द्याला, कधीही निवृत्त झालात तरी, सारखीच पेन्शन) ही म्हातारी माणसं वर्षानुवर्षं अर्ज करत होती. २०११ ला राज्यसभेच्या याचिका समितीने त्यांच्या बाजूने अहवाल दिला, त्या समितीचे अध्यक्ष कोश्यारी. अण्णांकडे एक जुनी फाईल आहे, तिच्यावर निळ्या शाईत 'कोश्यारी कमिटी' लिहिलंय. त्यांच्यासमोर मला त्या माणसाला काही बोलता येत नाही. ते म्हणतात, 'राज्यपाल म्हणून काय केलं ते तुम्ही बघा, माझी फाईल मी बघतो.' आणि उत्तराखंड म्हणजे असल्या फायलींचं राज्य. तुमचं गणित वयावर चाललंय, तिकडचं कशावर चालतं तेही बघा.

घाटावरची
हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण अण्णांच्या फाईलसमोर मी वाद घालणार नाही. समितीचं काम चांगलं होतं. झालं? फक्त त्या चांगल्या कामाची फेड महाराष्ट्राने बारा जागा रिकाम्या ठेवून का करावी, एवढं अण्णांना विचारा.

टाळ्यांचा धनी
मूळ पोस्ट माझी. इतका थयथयाट बघून कृतार्थ झालो. गुजराती-राजस्थानी प्रकरणात त्यांनी माफी मागितली होती, ते कोणीच लिहिलं नाही. सोयीस्कर स्मृती! आणि मी 'मैदानात दिसतील' म्हटलं, 'उभे राहतील' नाही.

घाटावरची
वा. मैदानात दिसायला मोतीचूर वाटणारे आचारीसुद्धा दिसतात.

कुमाऊंचा जावई
ताई, हे मात्र लागलं. सासऱ्यांना वाचून दाखवणार नाही.

वकील रावसाहेब
माफी मागितली हे खरं, १ ऑगस्ट २०२२. नोंद असावी म्हणून लिहितो, कौतुक म्हणून नाही. चार महिन्यांच्या आत महाराजांवर बोलले, तेव्हा ती माफी किती मुरली होती ते दिसलंच.

सोलापुरी चादर
विरारवाले, उत्तर राहिलं. २००४ ला गोविंदा होता, ठीक. २००९ ला नाईक संजय निरुपमसमोर पडले. तेव्हा कुठला ट्रक होता?

विरार फास्ट
सहा हजारांच्या आत पडले! आणि मनसेच्या उमेदवाराने जवळपास दीड लाख मतं खाल्ली. मराठी माणसाने मराठी माणसाला पाडलं, तेही मराठीच्या नावाने. आता यावर बोला.

घाटावरची
मनसे काढलीत ना, आता झालं. ज्यांना राज्यपालांवर बोलायचंय त्यांनी वरच्या वर बोला, मी डबे भरायला उठते.