मदत हवी आहे: घरामागच्या ओढ्यात सॅमन टिकावेत म्हणून काय करू?

मंडळी, आम्ही सिएटलजवळ राहतो, घरामागून छोटा ओढा जातो. शरदात पाऊस सुरू झाला की कोहो सॅमन (सॅमन माशांची एक जात) अंडी घालायला समुद्रातून वर चढतात, पण गेल्या वर्षी एक मादी अंडी घालायच्या आतच तडफडून मेली, पोट तसंच भरलेलं, बघवेना. मग वाचत सुटलो तर कळलं की टायरमधल्या रसायनापासून बनणारं एक विष पावसासोबत रस्त्यावरून ओढ्यात येतं आणि कोहो काही तासांत मरतात, हे २०२० मध्ये सापडलं. रस्त्याचं पाणी आधी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून मुरवलं तर मासे वाचतात म्हणे. असं रेन गार्डन कुणी स्वतः केलंय का? उतार, खोली किती ठेवलीत?

दुसरं, काठ सगळा हिमालयन ब्लॅकबेरीच्या काटेरी, रानटी झुडपांनी भरलाय (नावालाच हिमालयन हो, वैताग आहे नुसता). ती मुळासकट काढून विलो आणि सीडर लावायचा विचार आहे, सावली हवी, पाणी गार राहायला. पण सॅमन तळाच्या खडीत अंडी घालतात, काढताना माती सुटून त्या खडीत बसली तर अंडी गुदमरतील ना? मग कधी काढू, टप्प्याटप्प्याने का?

आणि एक मोठं झाड ओढ्यात आडवं पडलंय. गावाकडे असतो तर लगेच ओढून काढलं असतं, इथे म्हणतात राहू द्या, त्याच्यामागे डोह होतो, पिल्लं लपतात. शेजारी मात्र पुराच्या भीतीने मागे लागलेत. पाण्यात काहीही करायचं तर राज्याची परवानगी लागते, तो अर्ज कुणी भरला असेल तर प्लीज सांगा.