पाण्याला पात्रतेची तारीख कशाला?

खिडकीजवळची (धागाकर्ती)
मुंबईला सात तलावांतून रोज ३८०० दशलक्ष लिटरहून जास्त पाणी येतं. मग मानखुर्द-गोवंडीत पहाटे चारला हंडे का वाजतात? कारण इमारतीत माणशी १३५ लिटर आणि झोपडीत ४५, हा पालिकेचाच निकष. गळती आहेच, पण मुळात वाटणीच तशी ठरवलेली. त्यात झोपडी २००० नंतरची असेल तर नळच नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबर २०१४मध्ये उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे पालिका हलली. 'सर्वांसाठी पाणी' धोरण यायला २०२२ उजाडलं. घर द्यायचं की नाही यावर खुशाल भांडा. पण तहान कोणत्या साली लागली हे कसलं विचारता?

रांगेतला
अर्धाच निकाल सांगितलात. बेकायदा वस्तीला कायदेशीर घरांइतकाच हक्क मागता येणार नाही, हेही त्यात आहे. आणि तारखेचं म्हणाल तर ती थांबतेय कुठे? घरासाठी आधी १९९५पर्यंतच्या झोपड्या पात्र, मग २०००, मग २०११पर्यंतच्यांना निदान पैसे भरून घर. दर निवडणुकीत तारीख पुढे. मी अकरा वेळा म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरला, अकरा वेळा अनामत परत आली. नियम पाळणारा तेवढा मूर्ख! वर आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर.

खिडकीजवळची
तुमची चीड समजते, पण ती चुकीचं दार ठोठावतेय. टँकर तुमच्याकडेही आणि तिकडेही. तुम्ही तो सोसायटीच्या खात्यातून भरता, तिकडे हंड्यामागे रोख मोजतात. लिटरचा हिशेब केलात तर महाग पाणी गरीबच पितो.

सातवा मजला
झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतल्या घरात राहतो, म्हणून दोन शब्द. 'फुकट घर' ऐकून कान किटले. बिल्डरला त्याच जमिनीवर विक्रीचा टॉवर मिळाला, तो काय दानधर्म होता? त्या टॉवरला वेगळं गेट, बाग, गाडीतळ. आमच्या दोन इमारतींमध्ये एवढंच अंतर की समोरच्यांनी मिरच्या परतल्या की ठसका आम्हाला. दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. पाणी नळाला येतं, खरंय. पण लिफ्ट बंद पडली की आई दवाखाना टाळते. चाळीस घरं मेंटेनन्स देत नाहीत, कारण चाळीस घरांत ठरावीक पगार नाही. झोपडीत दार उघडलं की धंदा सुरू व्हायचा, इथे सातव्या मजल्यावर इस्त्रीचे कपडे घेऊन कोण चढणार?

नकाशावाला
जमीन नाही हे रडगाणंही तपासून घ्या. १९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना जायचा होता. २००१मध्ये शब्द फिरवले: वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. गिरणीत रिकामी जमीन असते किती? २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. आणि २०११च्या जनगणनेत याच शहरात पावणेपाच लाखांच्या आसपास घरं कुलूपबंद निघाली.

रांगेतला
कुलूप का लावतात? भाडेकरू बसला की उठत नाही म्हणून. १९४७च्या भाडे कायद्याने घरमालकांच्या तीन पिढ्यांना धडा शिकवलाय. (माझ्या मामाची दादरची खोली अजून कोर्टात आहे, त्यामुळे मी तटस्थ नाही.) गिरण्यांचं मात्र मान्य. तिथे आमच्यासारख्यांचीही घरं गेली. पाणीही द्या, पण मीटर लावून.

खिडकीजवळची
मीटरला नाही कोण म्हणतंय? पालिकेचं बिल आलं तर लोक ते जपून ठेवतील. राहिल्याचा तेवढाच एक कागद.

रांगेतला
तेच तर! उद्या तो कागद दाखवून घर मागतील.

सातवा मजला
मागतील. आम्हीही असेच कागद जोडले होते. तरी परिशिष्ट-२, म्हणजे पात्र-अपात्रांची यादी, लागली तेव्हा शेजारच्या काकू अपात्र, कारण एका कागदावर नाव माहेरचं होतं. त्या आता खाडीपलीकडे भाड्याने राहतात. तिथेही पाणी एक दिवसाआड.