गोडा मसाला कडवट झालाय, मदत हवी आहे

मंडळी, यंदा पहिल्यांदाच गोडा मसाला घरी केला. रविवार पेठेतून अर्धा किलो धणे, पाव किलो सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर वगैरे आणलं. सगळं वेगवेगळं भाजलं. दगडफूल तेलात टाकलं आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. वळून बघते तर काळंकुट्ट! तरी तसंच घातलं (५० ग्रॅम होतं, टाकवेना). आता आमटीत अर्धा चमचा घातला तरी घोट गिळल्यावर जिभेवर कडू रेंगाळतं. वास मात्र झकास, सासूबाईसुद्धा म्हणाल्या.

धणे-खोबरं नव्याने भाजून त्यात मिसळलं तर कडूपणा कमी होईल का? किती घालू? की चिंच-गूळ वाढवूनच संपवू? खोबरं खवट होईल म्हणून सध्या बरणी फ्रीजमध्ये आहे.