लाइटरूम रडतंय. नवा हाय-एंड लॅपटॉप घ्यावा का?

पाणकावळा

बरेच दिवस घोळत असलेला प्रश्न एकदाचा मांडतो.

माझा लॅपटॉप २०१७ सालचा. आय७-७७००एचक्यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १०५०, २५६ जीबीची साटा एसएसडी आणि जोडीला १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता तोवर माझं आणि त्याचं छान जमत होतं. यंदा ४५ मेगापिक्सेलची बॉडी घेतली आणि लॅपटॉपने मान टाकली. लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं माझं सॉफ्टवेअर) एक फोटो सोडून पुढच्यावर गेलं की आधी धुरकट चित्र, मग दोन-चार सेकंदांनी स्पष्ट. मास्कचा (फोटोचा ठरावीक भाग निवडायचा) ब्रश हाताच्या मागून येतो. फोटोशॉप सोबत उघडलं की पंखा विमानासारखा सुटतो.

काम मुख्यतः रंगमंचावरचं, नृत्य आणि नाटकं. प्रकाश कमी, त्यामुळे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० किंवा वरच, आणि त्यासोबत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा. तो काढणारं लाइटरूमचं एआय डीनॉइज वापरल्याशिवाय सुटका नाही, आणि तिथे तर एकेका फोटोला मिनिटं मोजावी लागतात.

पैसे साठलेत. पण तेवढ्याच पैशात ७०-२०० एफ/२.८ लेन्सही (लांबचं जवळ आणणारी, जास्त प्रकाश आत घेणारी) येते, आणि मन तिकडे जास्त ओढतं. अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा. शिव्या दिल्या तरी चालतील, कारणासकट द्या.

खटपट्या

थांबा, पाकीट आत ठेवा. "लॅपटॉप स्लो आहे" हे निदान नव्हे, ती तक्रार झाली. नेमकं काय अडतंय हे बघितल्याशिवाय नवं मशीन घेतलं, तर अर्ध्या पैशांचा उपयोगच होत नाही.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सचा टॅब बाजूला ठेवून नेहमीसारखं काम करा. पुढचा फोटो उघडताना डिस्क १०० टक्क्यांवर जाते का? फोटोशॉप उघडल्यावर रॅम भरते का? डीनॉइजच्या वेळी जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) किती? तीन वेगळी दुखणी आहेत, एका गोळीने बरी होणार नाहीत.

माझा पहिला संशय: कॅटलॉग (फोटोंची आणि एडिट्सची लाइटरूमची नोंदवही) त्या फिरत्या डिस्कवर आहे. तसं असेल तर आजच एसएसडीवर हलवा. फिरती डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी देते तीसुद्धा सलग वाचताना. कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू म्हणजे हजारो बारीक तुकडे, तिथे तिचा जीव जातो. मूळ रॉ फाइल्स (कॅमेऱ्याचा कच्चा डेटा) तिच्यावर राहिल्या तरी एक वेळ चालतील.

दुसरा संशय: तुम्ही फोटो निवडायचं काम डेव्हलप मोड्यूलमध्ये (एडिटच्या विभागात) करताय. तिथे प्रत्येक रॉ नव्याने उलगडली जाते. निवड लायब्ररीत (फोटो नुसते बघायच्या विभागात) करा आणि इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूसाठी "एम्बेडेड अँड साइडकार" निवडा. कॅमेऱ्याने फाइलमध्ये आधीच घालून ठेवलेलं जेपेग दिसतं, धुरकटपणाची वाट बघावी लागत नाही. २०१७ पासून आहे ही सोय, निम्म्या लोकांना पत्ता नाही.

निळीशाई

खटपट्या, तुमचं निदान बरोबर, पण पेशंटचं वय विसरताय.

डीनॉइज लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये आलं. ते जवळजवळ सगळं जीपीयूवर चालतं आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांमधल्या टेन्सर कोअरचा (एआयच्या गणितासाठीच्या खास भागांचा) फायदा घेतं. जीटीएक्स १०५० मध्ये टेन्सर कोअर नाहीतच. कॅटलॉग कुठेही हलवा, रॅम चौपट करा, डीनॉइजचा वेळ एका सेकंदानेही कमी होणार नाही. ज्यांचं रोजचं काम आयएसओ ६४०० वर आहे त्यांच्यासाठी ही हौस नाही, हत्यार आहे.

शिवाय सातव्या पिढीचा इंटेल. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ग्राहकांचे फोटो, त्यांच्या गॅलरीचे पासवर्ड, ईमेल, सगळं अशा मशीनवर ठेवायचं का, हा प्रश्न मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे.

माझं मत सरळ आहे, घ्या. आणि घेताय तर पुढच्या पाच-सहा वर्षांचा विचार करून घ्या.

आडवाटेचा

लेन्स घ्या. लॅपटॉप दर वर्षी म्हातारा होतो, चांगली ७०-२०० पंधरा वर्षं टिकते.

निळीशाई

@आडवाटेचा, आणि त्या लेन्समधून आलेल्या ४५ मेगापिक्सेलच्या फाइल्स कुठे उघडायच्या? बरं, एफ/२.८ मुळे नॉइज कमी होईल म्हणाल, तर आत्ता एफ/४ असेल तर एकच स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, मिळतो. ६४०० चं ३२०० होईल. डीनॉइज तरीही लागणारच.

आडवाटेचा

एक स्टॉप "एकच" वाटणाऱ्यांनी अंधाऱ्या नाट्यगृहात भरतनाट्यम शूट करून दाखवावं :) शटर १/२५० वर नेता आलं की फोटो वाचतो. हललेला हात कुठलंही एआय सरळ करत नाही.

खटपट्या

आडवाटेचा यांना अनुमोदन.

आणि डीनॉइजबद्दल: तुम्ही तो किती फोटोंना लावता? कार्यक्रमातून हजार फ्रेम आणल्या तर ग्राहकाला जातात त्यातल्या शे-दीडशे. आधी निवड, मग डीनॉइज, आणि तो सगळा गठ्ठा एकदम निवडून रात्री लावून झोपायचं. यंत्राला रात्रभर वेळ आहे, तुम्हाला नाही. लोक उलट करतात, एकेका फोटोला डीनॉइज लावून समोर बसून राहतात आणि मग जीपीयूला दोष देतात.

रॅमचा हिशोबही सांगतो, कारण तो कुणी करत नाही. फोटोशॉपमध्ये १६ बिटचा एक थर म्हणजे पिक्सेल गुणिले सहा बाइट. २४ मेगापिक्सेलला १४४ एमबी, ४५ ला २७० एमबी. पाच-सहा पूर्ण थर, वर हिस्टरी, मागे लाइटरूम आणि ब्राउझर. १६ जीबी कुठे गेली ते कळलं असेल. तुमच्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन खाचा असतात, ३२ होऊ शकते. पंखाही विमान झालाय म्हणजे आत धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट. या चिपची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. तिथे टेकली की ती स्वतःचा वेग उतरवते, आणि तुम्हाला वाटतं प्रोसेसर जुना झाला.

सांजवेळ

मला एक कळत नाही, लॅपटॉपच का? धागाकर्ते प्रवासात एडिट करतात असं कुठेच लिहिलेलं नाही.

लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाच्या नावात मोठी गोम आहे. आरटीएक्स ४०७० डेस्कटॉपवर १२ जीबी मेमरीचं, लॅपटॉपवर ८ जीबीचं. नाव तेच, चिप वेगळी. त्यात लॅपटॉपवाल्या ४०६० ला बनवणारी कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही देऊ शकते. म्हणजे पातळ, देखण्या, महाग लॅपटॉपमधलं कार्ड जाडजूड गेमिंग लॅपटॉपमधल्या त्याच नावाच्या कार्डाकडून मार खातं. खोक्यावर हा आकडा सहसा नसतो, स्पेसिफिकेशनच्या पानावर खाली बारीक अक्षरात "टीजीपी" शोधावा लागतो.

आणि स्क्रीन! इतका वेळ कुणी स्क्रीनचं नाव काढलं नाही, फोटो एडिटिंगच्या धाग्यावर! २०१७ च्या पुष्कळ लॅपटॉपांचं पॅनेल ४५ टक्के एनटीएससीचं (रंगांच्या पल्ल्याचं एक जुनं माप) असायचं. म्हणजे साधारण ६० ते ६५ टक्के एसआरजीबी (वेबवरचा नेहमीचा रंगपल्ला). रंगमंचावरचे लाल-जांभळे दिवे त्यावर दिसतच नाहीत. माणूस सॅच्युरेशन वाढवत राहतो आणि ग्राहकाच्या फोनवर नर्तकीचा चेहरा टोमॅटो होतो. आधी पूर्ण एसआरजीबीचा बाहेरचा मॉनिटर घ्या आणि कॅलिब्रेट करा. ब्राइटनेस १०० ते १२० कॅन्डेला ठेवा, पूर्ण उजळ ठेवून एडिट केलं की प्रिंट काळपट येतात आणि बोल लॅबला बसतो.

तपकिरी_मांजर

मॅक. प्लगमधून काढला तरी वेग पडत नाही, पंखा क्वचित ऐकू येतो, स्क्रीन पी३ (एसआरजीबीपेक्षा जास्त रंगांची). रॅम मात्र चिपसोबतच येते, नंतर वाढवता येत नाही. १६ वर समाधान मानू नका. एवढंच.

खटपट्या

@तपकिरी_मांजर, "नंतर वाढवता येत नाही" हे एवढ्या सहज सांगितलंत! माझा सगळा आक्षेप त्या चार शब्दांवर आहे. धागाकर्त्यांचा लॅपटॉप आजही उघडून दुरुस्त करता येतो, हा गुण कुणी मोजतच नाही.

पाणकावळा

सगळ्यांचे आभार. शनिवारी बसून एकेक करून पाहिलं.

कॅटलॉग खरंच फिरत्या डिस्कवर होता. एसएसडीवर हलवला, निवड लायब्ररीत आणली. फोटो पुढे-मागे करताना आता वाट बघावी लागत नाही, हा फरक अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा आहे. खटपट्या, मान गये.

रॅम फोटोशॉप उघडताच १५ च्या पुढे. एक्स्पोर्टच्या वेळी तापमान ९७ अंश. आत धुळीचा गालिचा निघाला, साफ केल्यावर ऐंशीच्या घरात आलं.

डीनॉइज मात्र जिथल्या तिथे. जीपीयू १०० टक्के, बाकी सगळं आरामात. मास्कचा ब्रशही अजून मागे रेंगाळतो.

@सांजवेळ, प्रवास आहे. गावोगावच्या महोत्सवांत आयोजकांना त्याच रात्री वीस-पंचवीस फोटो द्यावे लागतात, बातमीसाठी. म्हणून डेस्कटॉप बाद.

निळीशाई

"त्याच रात्री" हे आधी का नाही सांगितलंत? आता रात्रभर गठ्ठा लावून झोपायचा सल्ला कुठे गेला?

खटपट्या

कुठेही गेला नाही. पंचवीसच फोटो आहेत ना? बातमीचा फोटो छापून येतो तळहाताएवढा. २००० पिक्सेलला लहान केला की ६४०० चा नॉइज अर्धा आपोआप दबतो. तिथे नेहमीचा, एआयशिवाय नॉइज कमी करणारा ल्युमिनन्सचा स्लायडर पुरतो. घाईत स्मार्ट प्रीव्ह्यूवर एडिट करा, २५६० पिक्सेलची हलकी फाइल असते, त्यात ब्रशही हाताबरोबर चालेल. नॉइज आणि शार्पनिंग तपासायला मात्र मूळ फाइलच उघडा. डीनॉइज घरी आल्यावर, अंतिम फोटोंना.

निळीशाई

हे सगळं जमतं, मान्य. पण प्रत्येक पायरीवर एक युक्ती, प्रत्येक युक्तीची आठवण ठेवायची. मध्यरात्री दमलेला माणूस स्मार्ट प्रीव्ह्यू चालू की बंद हे तपासत बसणार? यंत्र आपल्याला सांभाळून घेण्याऐवजी आपण यंत्राला सांभाळतोय, हेच तर बदलायचं असतं. आणि विंडोज १० च्या मुद्द्याला तुम्ही अजून हात लावलेला नाही.

खटपट्या

लावतो. तिथे माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एक्स्टेंडेड अपडेट म्हणजे मुदतवाढ, ती कधीतरी संपतेच. लिनक्सवर डार्कटेबल (लाइटरूमसारखंच मोफत सॉफ्टवेअर) चालतं, पण लाइटरूममधली इतक्या वर्षांची एडिट्स तिकडे जशीच्या तशी येत नाहीत. म्हणजे हा लॅपटॉप बदलावा लागणार, हे कबूल. माझं भांडण "आत्ता" आणि "हाय-एंड" या दोन शब्दांशी आहे.

सांजवेळ

हाय-एंडबद्दल खटपट्यांच्या बाजूने. सगळ्यात वरच्या मॉडेलमध्ये जास्तीचे पैसे प्रोसेसरचे कोअर आणि १६ किंवा २४ जीबीचं जीपीयू यांना जातात. व्हिडिओ आणि थ्रीडीवाल्यांना ते लागतं. फोटोवाल्याला ८ जीबीचं आरटीएक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि बरी स्क्रीन एवढं झालं की पुढचा फरक स्टॉपवॉच लावून शोधावा लागतो. रॅम सोल्डर केलेली (बोर्डवर कायमची जोडलेली) आहे का तेवढं बघा, दुसरी एसएसडी बसवायला खाच आहे का तेही.

पाणकावळा

मग असं ठरवतोय. जुन्यात आता पैसे घालत नाही, रॅमसुद्धा नाही, कारण विंडोजमुळे तो जाणारच आहे. सांजवेळ यांनी सांगितला तसा मधल्या फळीतला घेतो, वॅट बघून. उरलेल्या पैशात ७०-२०० नवी येणार नाही, पण आधीच्या पिढीतली वापरलेली येईल.

आडवाटेचा

वापरलेली घेताना सगळ्यात लांब टोकाला, एफ/२.८ वर, चारही कोपरे तपासा. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा मऊ असेल तर लेन्स पडलेली असू शकते.

निळीशाई

मी अजूनही म्हणते, १२ जीबीचं कार्ड बजेटमध्ये बसत असेल तर ८ वर थांबू नका. ही एआय फीचर्स दर वर्षी जड होतायत. पण निर्णय वाईट नाही.

खटपट्या

नव्यावर जाताना कॅटलॉगची फाइल आणि तिच्या शेजारचे प्रीव्ह्यूचे फोल्डर एकत्र उचला. प्रीसेट (साठवून ठेवलेली एडिटची सेटिंग्ज) सहसा कॅटलॉगसोबत नसतात, वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ते विसरले की लोक नव्या लॅपटॉपला नावं ठेवतात. पहिले दोन-तीन कार्यक्रम पार पडेपर्यंत जुना फॉरमॅट करू नका.